राजाच्या पिसवा

सक्करदऱ्यात जनावरांचा दवाखाना चालवायला लागून मला अठरा वर्षं झाली. गादीत पिसवा साठाव्यात तसे माझ्याकडे पिसवांचे किस्से साठलेत. एक झटकला की चार उडतात!

पिसवा काय, त्या मी घालवतोच. त्याबद्दल मला शंका नाही. त्रास होतो तो कुत्र्याच्या शहाण्या मालकाचा.

*

गांधीबागेतले एक कापडवाले शेठजी. त्यांचं पामेरियन दिवसभर खाजवत बसायचं. मी म्हटलं, "घर फटीफटीतून झाडून घ्या. पिसवांची अंडी जमिनीवर पडतात."

शेठजी दुखावले. "डॉक्टरसाहेब, आमची फरशी इटालियन आहे!"

"पण पिसू देशी आहे ना शेठजी," मी म्हणालो. "तिला कुठे फरक कळतो?"

*

मिहानच्या आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या एका इंजिनियरनं कुत्र्यासाठी पिसवांचा महागडा पट्टा ऑनलाइन मागवला. महिन्यानं तो कुत्र्याला घेऊन आला, तर कुत्रा तसाच खाजवतोय आणि त्याचा गळा मोकळा.

"पट्टा कुठाय?"

"गेटले बांधला ना सर, लिंबू-मिरचीच्या बाजूले. एंट्रीच बंद!"

*

पण या सगळ्यांचे गुरू म्हणजे आमचे दामूकाका. कचेरीतून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या. राजा नावाचा गावठी कुत्रा हीच त्यांची दिवसभराची सोबत. नातवाच्या पायांवर लाल पुरळ उठलं आणि त्यांच्या सुनेनं, मंजूषानं, सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत पिसवा गेल्या नाही, तर राजा उमरेडच्या शेतावर जाईन!"

हे सांगताना काका राजाच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला फार वाईट वाटलं. "राजा कुठंही जात नाही," मी ठणकावून सांगितलं.

तोवर काकांनी स्वतःचा इलाज करून बघितला होता. संत्र्याच्या साली उकळून राजाला आंघोळ! राजा नुसता घमघमत होता. मी केस बाजूला करून बघितलं. पिसवाही घमघमत होत्या.

*

मी राजाच्या मानेवर औषधाचे थेंब टाकले. चादरी गरम पाण्यात धुवा, गाद्या गच्चीवर उन्हात टाका, कोपरे रोज झाडा, असं लिहूनही दिलं. चार दिवसांनी बघायला गेलो. गाद्या उन्हात होत्या, आणि मधल्या गादीवर राजा ताणून झोपला होता.

"अहो काका, हे काय?"

"पिसवा त्याच्याच आहेत ना जी. मंग त्यालेही ऊन लागू द्या!"

*

महिन्याभरात राजा साफ झाला, पण नातवाचे पाय लालच. मी घरी जाऊन विचारलं, "दुसरं कोणी जनावर आहे का घरात? असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्यावं लागतं."

"मी आहो ना!" काका म्हणाले.

मंजूषा हसली नाही. "नाही जी, कोणी नाही," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

*

दिवाळीला चार दिवस उरले असताना मी परत काकांकडे गेलो. काकांनी राजाची साखळी आणि ताटली पिशवीत भरून ठेवली होती. ती पिशवी बघून माझं डोकंच फिरलं. "काका, चला. आज घराचा एकही कोपरा सोडत नाही!"

पलंगाखाली बघितलं, सोफ्यामागे बघितलं. मागच्या व्हरांड्यात कुलर होता, उन्हाळा संपल्यावर ताडपत्रीनं झाकून ठेवलेला. मी ताडपत्री उचलली. आत कुलरच्या गवतावर एक मांजर आणि तिची तीन पिल्लं. चौघंही खाजवत होती! बाजूला स्टीलची वाटी, त्यात ताजं दूध.

काकांनी वाटी उचलली, चष्मा वर केला आणि काठावर कोरलेलं नाव वाचलं.

"सौ. मंजूषास, आईकडून."

मंजूषा दारातच उभी होती. काकांनी वाटी परत पिल्लांजवळ ठेवली. तिनं पिल्लांकडे बघितलं, राजाकडे बघितलं. मग पिशवीतून राजाची साखळी काढली, खुंटीला अडकवली आणि मला म्हणाली,

"डॉक्टर, मांजरीचे थेंब वेगळे असते का?"