खोली घेण्याआधी गादी उलटावी

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका झाले होते. मे महिन्यात धुळ्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण निघालं आणि शाळेतून दोघींची नावं गेली. एक माझं, दुसरं विज्ञानाच्या बाईंचं.

बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. उंच, सडपातळ, प्रयोगशाळेच्या किल्ल्या कायम कमरेला. त्यांना हसताना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. मुली त्यांना टरकून असत आणि खरं सांगायचं तर मीही. माझ्या आईला मात्र फार बरं वाटलं. मुलगी पहिल्यांदाच परगावी एकटी राहणार, याची तिला काळजी लागली होती. "त्या बाई बरोबर आहेत म्हणजे पोलीस बरोबर असल्यासारखंच आहे," असं म्हणून तिने माझी वळकटी बांधून दिली.

आई किती बरोबर बोलली ते जळगावच्या स्टँडवरच कळलं. धुळ्याची गाडी लागली, मी धावत चढून दोन जागा पकडल्या आणि बसणार तोच बाई म्हणाल्या, "थांब." त्यांनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, सीटच्या शिवणीतून बोटाने दाबत फिरवला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "इथे नको." अशा आम्ही तीन सीटा बदलल्या. मागचे लोक कुरकुरायला लागले. कंडक्टर म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?"

"ढेकूण शोधतेय," बाईंनी त्याच सुरात सांगितलं. पुढच्या रांगेतले दोघं उठून उभे राहिले.

"पाठ टेकवू नकोस," बसल्यावर बाईंनी मला बजावलं. एरंडोलपर्यंत मी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसून होते. पारोळ्यानंतर कधी डोळा लागला कळलंच नाही. धुळं जवळ आलं तेव्हा माझं डोकं बाईंच्या खांद्यावर होतं. त्या मात्र तशाच ताठ बसलेल्या.

प्रशिक्षणाला आलेल्या बायकांची सोय एका शाळेच्या हॉलमध्ये केली होती. जमिनीवर ओळीने गाद्या टाकल्या होत्या. बाईंनी दारातूनच विचारलं, "गाद्या कुठल्या?"

"मंडपवाल्याकडच्या," तिथला शिपाई कौतुकाने म्हणाला.

"चल," बाई मला म्हणाल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांनी कारण सांगितलं. "त्या गाद्यांवर अख्ख्या जिल्ह्यातली वऱ्हाडं झोपून गेलेली असतात."

मग दुपारी बाराच्या उन्हात आमची लॉज शोधण्याची मोहीम सुरू झाली. पहिल्या लॉजमध्ये बाईंनी खोलीत पाऊल टाकताच माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मोरीत नेऊन ठेवली. "सामान आधी मोरीत. फरशी कोरडी, कोपरे उघडे, तिथे त्यांना लपायला जागा नसते. पलंगावर पिशवी ठेवलीस की संपलं." मग चादर बाजूला सारली, गादीचा कोपरा उचलला आणि मला जवळ बोलावलं. शिवणीवर शाईच्या टाकातून उडावेत तसे बारीक काळे ठिपके होते. "ही त्यांची सही," बाई म्हणाल्या. आम्ही मोरीतून सामान घेतलं आणि जिना उतरलो. दुसऱ्या लॉजच्या मॅनेजरने गादी उचलू द्यायलाच नकार दिला. त्याचा नकार हेच उत्तर समजून आम्ही पुढे निघालो.

तिसरं लॉज गल्लीत होतं. खाली मालकाचं बिऱ्हाड, मागे अंगण, वरती पाच खोल्या. मालकाला सगळे आबा म्हणत. पांढरी टोपी, भरघोस मिशा, माणूस अगत्याचा. त्यांनी माठातलं पाणी दिलं, वरची खोली उघडून दिली. पण बाईंनी पर्समधून प्रयोगशाळेतलं भिंग आणि लोकरीची सुई काढली आणि पलंगाच्या सांध्यात सुई घालायला सुरुवात केली, तशा आबांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"बाई, तुम्ही ऱ्हावाले उन्यात का ढेकूण धुंडाले?"

"राहायलाच आलोय. म्हणून शोधतेय."

"मन्हा लॉजमा एकबी ढेकूण नही!"

"मग शोधायला काय हरकत आहे?"

गादी स्वच्छ निघाली. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे काही नव्हतं, खिडकीच्या चौकटीतही नव्हतं. पण पलंग लाकडी होते आणि सांधे खोल होते. बाईंचं मन मानेना. त्या म्हणाल्या, "पलंग अंगणात काढू. तास-दोन तास ऊन लागू दे, सांध्यांत उकळतं पाणी घालू. त्यातून काही निघालं नाही तर आम्ही दहा दिवस राहतो."

आबा काही बोलणार तोच जिन्यातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. तिला सगळे अक्का म्हणत. "काढा बाहेर!" ती पदर खोचतच वर आली. "दोन वरीस व्हयनात, मी सांगस, खाटा बाहेर काढा. आज या बाया उन्यात तवय व्हई ऱ्हायनं!"

दोन वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते त्या दुपारी झालं. दोन पलंग आम्ही चौघांनी जिन्यातून उतरवले. आबा खालच्या बाजूला, मी आणि अक्का वरच्या बाजूला आणि बाई मधून सूचना देत. एका वळणावर पलंगाचा पाय कठड्यात अडकला तेव्हा आबा बराच वेळ पलंग छातीवर तोलून उभे होते, पण ढेकूण नाही हे वाक्य त्यांनी तिथूनही दोनदा ऐकवलं.

अंगणातल्या चुलीवर हंडा चढला. मे महिन्यातलं ऊन, फरशीवर पाय ठरत नव्हता. पाणी उकळल्यावर बाईंनी ते पातेल्याने एकेका सांध्यात ओतलं, अक्काने पलंग दणादणा आपटले. पाणी निघालं, थोडी धूळ निघाली, कधीकाळची एक केसांची पिन निघाली. ढेकूण काही निघाला नाही.

आबांनी समोरच्या सायकल दुकानवाल्याला हाक मारून बोलावलं. "देख, देख! जळगावना बाई उन्यात तपासाले. एकतरी निंघना का?" दुकानवाला हात पुसत पलंगाभोवती फिरला आणि त्याने गंभीरपणे मान डोलावली.

या गडबडीत मी आमच्या वळकट्या सोडून तारेवर ऊन दाखवायला लागले. माझी झाली. मग बाईंची सोडली. आत एक जुनी, मऊ झालेली गोधडी होती. ती तारेवर टाकायला उचलली आणि माझे हात तिथेच थबकले. शिवणीच्या दोऱ्यावरून एक टपोरा, लालसर ढेकूण घाईने सावलीकडे निघाला होता.

"बाई," मी कसंबसं म्हणाले, "एक आहे."

बाई विजेसारख्या वळल्या. "सापडला! आबा, सापडला!"

आबांचा चेहरा पडला. अक्काने तोंडाला पदर लावला. दुकानवाला पुढे सरसावला. "कुठे? कोणत्या पलंगात?" बाईंनी विचारलं.

मी गोधडी दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिले. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. बाई जवळ आल्या, भिंग लावलं, पाहिलं. मला वाटलं, आता त्या काय बोलतील ते आपल्याला जन्मभर पुरेल.

सगळ्यात आधी आबा बोलले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "ऱ्हाऊ द्या, बाई. एसटीमाईन उना व्हई."

"नाही आबा," बाई म्हणाल्या. "गोधडीच्या आतल्या शिवणीत आहे. हा एसटीतला नाही, माझ्या घरचा आहे. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. माफ करा."

दुकानवाला हसायला लागला होता. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुकानाकडे वळला. अक्काने माझ्या हातातून गोधडी घेतली, हंड्यात बुडवली आणि बाई पुढे झाल्या तशी त्यांना हाताला धरून ओसरीवर बसवलं. "बस वं बहीन. चहा पे."

बाईंनी चहा घेतला.

पुढचे दहा दिवस मजेत गेले. अक्काने आपल्या घरच्या गोधड्या दिल्या. संध्याकाळी प्रशिक्षणाहून आलो की ती शेवभाजी करायची आणि बाईंना आग्रह करकरून वाढायची. आबांनी अंगणात आणखी एक तार बांधली. नवं गिऱ्हाईक आलं की ते प्रेमाने सांगायचे, "पहिले वळकटी तारवर टाका, मंग वर चाला." एकदा एका व्यापाऱ्याने कुरकुर केली, तर त्यांनी बाईंना भिंग घेऊन खाली बोलावलं.

परतीच्या गाडीत बाईंनी सीट तपासली नाही. पारोळा गेल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या रुखवतातल्या गादीत ढेकूण सापडला होता. आमचं माहेर अमळनेरचं, मिलच्या चाळीतलं. तिथे कुणाच्या घरी नसायचे? सासूबाईंनी गादी उचलून भर रस्त्यात टाकली. सगळी आळी पाहायला जमली. तेव्हापासून मला जमत नाही, तपासल्याशिवाय कुठे टेकायलाच जमत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती गोधडी सासूबाईंच्या पलंगावरची. माझी उसवली होती म्हणून त्यांची आणली. त्या पलंगाला त्या कुणाला हात लावू देत नाहीत."

"मग आता?"

"आता काय. तुला घाई नाही ना?"

जळगावला उतरलो ते थेट बाईंच्या घरी. सासूबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, कृश, पण आवाज खणखणीत. बाईंनी पाया पडून सांगितलं, "तुम्ही जरा खुर्चीवर बसा. पलंग अंगणात काढायचाय."

"का?"

"ढेकूण झालेत."

"माझ्या पलंगात? माझ्या पलंगात एक ढेकूण नाही!"

माझ्या तोंडून फिस्सकन हसू बाहेर पडलं. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. बाईंनी मात्र त्यांना दोन्ही हातांनी अलगद उचलून खुर्चीत बसवलं. बाईंचे यजमान वर्तमानपत्र टाकून मदतीला आले. इतकी वर्षं आईपुढे ते बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत, पण पलंगाचं डोकं त्यांनीच उचललं.

अंगणात पहिलं पातेलं उकळतं पाणी ओतलं आणि सांध्यातून जे बाहेर पडलं ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला जेवायचं असेल. सासूबाई खुर्चीतून वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान वर करून ठामपणे म्हणाल्या, "हे हिच्या माहेरचे."

बाई हातात पातेलं घेऊन उभ्या होत्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या मोठ्याने हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पातेलं खाली ठेवावं लागलं आणि भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. यजमान घाबरून पाहत होते. "बरोबर आहे, आई," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "वीस वर्षं झाली, अजून माहेरी जायचं नाव घेत नाहीत."

सासूबाईंना यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. पण पलंग वाळून आत आल्यावर त्यांनी गादीचा कोपरा उचलून पाहिला, भिंग मागितलं, त्यातून शिवण पाहिली. सगळं ठीक असल्याची खात्री झाल्यावर आडव्या झाल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, आमरस खाल्ल्याशिवाय जायचं नाही." मी दोन वाट्या खाल्ल्या. बाईंनी तिसरी वाढली.