हळदकुंकू लावलेला डबा

लग्नघरी आइस्क्रीमचा पांढरा थर्माकोलचा डबा दिसला, की मला वाशिमच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. माझा मुलगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर मोठी जाऊ बाळंत झाली. तिच्या मुलीच्या नाळेतलं रक्त दूरच्या शहरातल्या, असं रक्त जपून ठेवणाऱ्या बँकेत जाणार होतं, पुढं काही आजार झाला तर कामी यावं म्हणून. आम्हालाही विचारलं होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वतःच्या लेकराला ते क्वचितच लागतं," आणि नवऱ्यानं तेवढंच धरलं, "मंग कायले ठेवाचं?" मीही मान डोलावली. रक्ताचा तो थर्माकोलचा डबा न्यायला बँकेचा माणूस आला, तेव्हा सासूबाई त्याला म्हणाल्या, "थांब रे बाबू, घरचं रक्त हाय, असंच नेतं काय?" त्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं, वर तांदूळ टाकले. माझा मुलगा रडत होता, त्याच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. घरी आल्यावर त्याची नाळ वाळून गळाली. रीतीप्रमाणे ती लिंबाखाली पुरायला सासूबाईंनी मागितली. मी म्हटलं, "कुठं पडली काय मालूम, सापडून नाही राह्यली." ती तर मी कापसात गुंडाळून, काजळाच्या रिकाम्या डबीत घालून लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली होती. परवा कुणीतरी जावेला विचारलं, ते रक्त कोणत्या गावी आहे? तिला नावच आठवेना, नवऱ्याला फोन लावू लागली. मी गुपचूप आत गेले, कपाट उघडलं, शालूची घडी चाचपली. डबी जागेवर होती. फक्त हळदकुंकू लागायचं राहिलं होतं, ते मी लावलं.