खोके मधोमधच हवे

आधी तारखा सांगतो, म्हणजे म्हाताऱ्याचा राग निराधार आहे असे कोणी म्हणायला नको. सन अठ्ठावन्न, पोळ्याच्या आसपास: खोके तयार झाले. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी: ते पडद्याखाली मधोमध बसले. सन पासष्टचा उन्हाळा: ज्याने ते बसवले, तो माणूस गेला. आणि परवाचा गणेशोत्सव, अनंत चतुर्दशीची आदली संध्याकाळ: मोहल्ल्याच्या मंडळाने तेच खोके मधून उचलून डाव्या खांबाला बांधले. जबाबदार: मंडळाचे अध्यक्ष, त्यांचे सजावटवाले, तो खांब, आणि ऐनवेळी ज्यातून एक कामाचा शब्द निघाला नाही असा माझा घसा.

खोके लाउडस्पीकरचे. ते करणाऱ्याला आमच्या अमरावतीच्या गल्लीत सगळे ऑपरेटर म्हणत. उजव्या हाताची दोन बोटे स्वतःच्या ओठांना लावायची, मग तीच बोटे समोरच्या माणसाच्या ओठांकडे रोखायची आणि म्हणायचे, "तोंड तिथं आवाज!" हा त्यांचा नमस्कार होता, हाच त्यांचा वेदान्त. वाचकहो, तुमच्याही गल्लीत असा एखादा एकाच वाक्याचा माणूस असेल. त्याच्यावर हसून घ्या, पण वाक्य जपून ठेवा.

त्यांचे तारुण्य तंबूच्या टॉकीजमध्ये गेले. दर्यापूरची जत्रा, वलगावचा बाजार, जिथे तंबू तिथे ते. मालकाने तंबू कायमचा गुंडाळला तेव्हा जुना, छोट्या रिळांचा प्रोजेक्टर यांच्या पदरात पडला. घरामागे सरकी साठवण्याची एक लांबट खोली रिकामी होती. तिच्यात पांढरी चादर ताणून त्यांनी दर शनिवारी संध्याकाळी सिनेमा सुरू केला. गल्लीला प्रवेश फुकट. बसायला पोते ज्याचे त्याने आणायचे.

मी शेजारी आणि वकील. खेळाला परवाना आहे काय, अशी विचारणा करणारे पत्र मी रजिस्टर्ड टपालाने पाठवले. ते पत्र हातात घेऊन ऑपरेटर माझ्या ओसरीवर आले. दोन बोटे ओठांना लागली.

"वकीलसाहेब, आपली भिंत एक हाय. तुमी शिंकलं तं मले आयकू येते. अन् हे कागद पोस्टातून फिरून येऊन राहिलं! तोंड तिथं आवाज, साहेब. बोला आता, आयकून राहिलो."

मी 'लेखी उत्तर अपेक्षित आहे,' एवढेच म्हणालो. त्यांनी उत्तर लिहिले नाही. पुढच्या शनिवारी मी पोते घेऊन गेलो. माझ्या अनेक दाव्यांचा निकाल असाच लागलेला आहे.

त्या शनिवारी एक प्रकार घडला, आणि पुढचे सारे त्यातून निघाले. ऑपरेटरांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, दृष्टी काचबिंदूने गेलेली होती. त्या पहिल्या रांगेत बसत. स्पीकरची तार आखूड, म्हणून तो पडद्यापासून दूर, डाव्या भिंतीशी ठेवलेला. नायक पडद्यावर बोलायचा आणि आवाज भिंतीतून यायचा. सगळी गल्ली समोर बघत होती. वहिनी एकट्या भिंतीकडे तोंड करून, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून हसत होत्या. मागून कोणी बाई खुसखुसली.

"काकू, पडदा इकडे हाय नं!"

वहिनी म्हणाल्या, "मले कशाचा पडदा, माय? मानूस जिकडून बोलते, तिकडे मी पाह्यते."

खोलीत हशा पिकला. वहिनीही हसल्या, पण पदर तोंडावर घेऊन. ऑपरेटरांनी प्रोजेक्टर बंद केला. "मशीन गरम झाली," म्हणाले. मशीन गार होती, मी हात लावून पाहिला होता. पुराव्याची मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाची लाकडी पेटी आणली आणि लांब तार आणली. स्पीकर पेटीत बसवून पेटी पडद्याच्या मधोमध आणायची, असा बेत होता. तोंडाशी लावायला पातळ काळे कापड हवे होते. माझा जुना गाऊन खुंटीवर होता. त्यांनी तो उजेडात धरला.

"बेस हाय. आरपार दिसते. कोर्टात ह्याच्यातून काही जात नव्हतं काय, साहेब?"

मी गाऊन दिला. त्यातून निघालेल्या आवाजावर पुढे लोक रडले, हसले, गहिवरले. तो माझ्या अंगावर असताना यांपैकी एकच गोष्ट घडत असे, आणि ती रडणे नव्हे.

पेटी आतून घुमू नये म्हणून तिच्यात कापूस भरायचा होता. माझे वलगावला थोडे काळे शेत. वेचणीतला शिल्लक कापूस मी अभिमानाने दिला. "रुई पायजे, सरकी काढलेली," अशी त्यांनी कुरकुर केली, पण रुई विकत आणायची होती आणि कापूस फुकट होता. मग मी व्याख्यान दिले की कायद्याच्या दृष्टीने कापूस तो कापूस. ऐन पावसाळ्यात पेटीतल्या सरकीचा सुगावा उंदरांना लागला. एका शनिवारी नायिका नायकाला म्हणाली, 'मी तुमचीच आहे,' आणि तिच्या मागोमाग गाऊनमधून ची-ची असा दुजोरा आला. उंदरांनी सरकी खाल्ली आणि तोंडी लावायला स्पीकरचा कागदी पडदाही खाल्ला.

आम्ही दोघे पेटी घेऊन अकोल्याला रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मागची फळी काढली, आत पाहिले, मग आमच्याकडे पाहिले.

"भाऊ, हा स्पीकर हाय का कापसाची जिनिंग?"

"हे वकीलसाहेब हायेत," ऑपरेटर गंभीरपणे म्हणाले. तेवढ्यावर दुकानदाराने पुढचे काही विचारले नाही.

नवा कागद बसला, रुई भरली गेली, आणि जागेचा प्रश्न आला. पेटी चादरीच्या मागे ठेवली तर नायक घोंगडी पांघरून बोले. आढ्याला टांगली तर प्रत्येक पात्राची आकाशवाणी होई. पडद्याखाली जमिनीवर ठेवली तर, वहिनींच्या शब्दांत, "हिरो पायानं बोलते." तेव्हा ऑपरेटरांनी एक युक्ती काढली. प्रोजेक्टरला माइक जोडला, मला पलीकडच्या खोलीत बसवले आणि सांगितले, "तुमचं एखांदं पत्र वाचा. लंबं पायजे."

"पत्रच का?"

"तुमचं पत्र सरत नाई, साहेब. डब्बा हालवाले टाइम भेटते."

चौकातल्या नाल्याविषयी मी संबंधित अधिकाऱ्यांना लिहिलेले विनंतीपत्र मी वाचू लागलो. वहिनी खुर्चीवर बसल्या. त्यांनी फक्त बोट दाखवायचे, वकीलसाहेबांचे तोंड कुठे आहे ते. बोट जमिनीकडे गेले; ऑपरेटरांनी पेटीच्या पुढच्या कडेखाली वीट सारली. बोट जरा उचलले. वीट उभी केली. बोट उजवीकडे गेले. पेटी डावीकडे सरकली. मी 'सबब' आणि 'तथापि' करत चौथ्या कलमापर्यंत आलो होतो, तेव्हा पलीकडून वहिनींचा आवाज आला, "हाओ! आता बराबर. आता ते समोर बसून मले नाल्याचं सांगून राहिले."

मी दारातून पाहिले. चादरीवर काहीच नव्हते. वहिनींचे बोट चादरीच्या मध्यभागी, माणसाचे तोंड असावे तिथे रोखलेले होते. ऑपरेटर त्या बोटाकडे पाहत उभे होते आणि दोन बोटे त्यांच्या ओठांवर तशीच राहिली होती. माझे पत्र आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत ऐकले होते, आणि नाला अजून तिथेच आहे.

त्या शनिवारपासून वहिनींचे तोंड गल्लीच्या तोंडासोबत असे. कोणी नवखा आला तर त्याला कळतही नसे की पहिल्या रांगेतल्या या बाईंना दिसत नाही. ऑपरेटरांना एवढेच हवे होते. पेटीची जागा त्यांनी जमिनीवर चुन्याने आखून ठेवली. शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले, "डब्बा हालवू देजा नका, साहेब. अन् कोनी हालवलाच, तं पत्र लिहू नका. तोंडानं बोला."

मी होकार दिला. मान हलवून.

परवा मंडळाने चौकात सिनेमा ठेवला आणि वहिनींकडून ते खोके मागून नेले. वहिनी हौसेने पहिल्या रांगेत येऊन बसल्या. खोके डाव्या खांबावर होते. मधोमध दिव्यांची कमान होती. मी अध्यक्षांना गाठले. ते म्हणाले, "काका, ते काळं खोकं मधात बरं दिसत नाई. आवाज तं येऊनच राहिला नं?"

सिनेमा सुरू झाला. वहिनींचे तोंड खांबाकडे वळले. एक पोरगी हसून म्हणाली, "आजी, पडदा इकडे हाय." वहिनींनी "हाओ, माय" म्हणून मान समोर आणली. नायक बोलला, आणि मान हळूहळू पुन्हा खांबाकडे गेली. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

मी उठलो. घसा साफ केला. अध्यक्षांनी विचारले, "काय, काका?" वाचकहो, या घशाने तीस वर्षे वकिली केली असे सांगायला मला लाज वाटते. मी म्हणालो, "काही नाही. पत्र लिहीन." आणि माझी खुर्ची उचलून वहिनींशेजारी नेली, खांबाकडे तोंड करून ठेवली आणि बसलो.

"कोन, वकीलसाहेब?" वहिनी म्हणाल्या. "तुमाले तं दिसते. मंग इकडे काहून बसले?"

"आवाज इकडून येतो, वहिनी."

पडद्याकडे पाठ फिरवल्यासारखे आम्ही दोघे विजेच्या खांबाचा सिनेमा शेवटपर्यंत पाहत बसलो.

सबब मागणी अशी. मंडळाच्या अध्यक्षांनी चौकात, सगळ्या गल्लीसमोर, मधोमध उभे राहून सांगावे की ते खोके आपल्या जागेवरून कोणाच्या हुकमाने हलले आणि परत केव्हा ठेवले जाईल. उत्तर वहिनींकडे तोंड करून द्यावे. लेखी खुलासा स्वीकारला जाणार नाही. मीही येईन, आणि हातात कागद आणणार नाही.