बूट घालून केलेला पंचनामा

माझ्या एका चुकीमुळे एका निर्दोष माणसाला अठ्ठावीस तास कोठडीत काढावे लागले आणि त्याच वेळी एक म्हातारी मरणाच्या तोंडाशी बसून भात शिजवत होती. नोकरीतल्या पुष्कळ घटना आता पुसट झाल्या आहेत. ही झाली नाही. चूक माझी होती आणि ती मी कागदांत नीट झाकली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. गिरणगावात गणवेश दिसला की दारे लागत. मी नवा फौजदार, काळाचौकीच्या बाजूला नेमणुकीला होतो. सकाळी बंदोबस्त, दुपारी बंदोबस्त, आणि मधल्या वेळात ठाण्याचे रोजचे काम.

अशाच एका सकाळी एक तिशीचा माणूस ठाण्यात आला. परळला राहणारा, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा. जवळच्याच चाळीत दिलेली त्याची बहीण आदल्या दिवशी स्वयंपाक करताना शॉक लागून गेली होती. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली होती, प्रेत शवविच्छेदनासाठी गेले होते. भावाचे म्हणणे वेगळे होते. नवराबायकोची त्या शेगडीवरून महिनाभर भांडणे चालली होती, शेजारीही ती ऐकत होते. "शॉक लागलेला नाही, शॉक दिलाय," तो म्हणाला.

मी हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन चाळीत गेलो. ती माणसे पोटभाडेकरू. मूळ भाडेकरूने अट घातली होती की खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही, भिंती काळ्या होतात. म्हणून नवऱ्याने जुन्या बाजारातून विजेची शेगडी आणली होती: लोखंडी पत्र्याची, मध्ये चिनी मातीच्या खाचेत बसवलेले तारेचे वेटोळे. वायर दिव्याच्या होल्डरमधून खाली सोडलेली.

मी बटण दाबले. वेटोळे लाल झाले. शेगडीच्या कडेला बोट लावले, मग अख्खा पंजा टेकवला. काहीच नाही. पंच बघत होते. मी पंचनाम्यात लिहिले, शेगडी चालू स्थितीत, निर्दोष. मुद्देमाल म्हणून ती ताब्यात घेण्याचीही गरज मला वाटली नाही. नवऱ्याची आई कोपऱ्यात बसली होती. तिला सांगितले, वस्तू चांगली आहे, राहू द्या. नवऱ्याला मात्र सोबत घेतले.

शेगडी चांगली असेल तर बाई मेली कशी? या एका प्रश्नावर मी त्याला दिवसभर उभे केले. मारले नाही, पण बसूही दिले नाही. तो एकच सांगत राहिला. बायको म्हणायची, हात लावला की मुंग्या येतात, काळीज धडधडते. तो हसायचा. जेवायला पाटावर बसल्या बसल्या शेगडीला हात लावून दाखवायचा, बघ, मला कुठे काय होते? भांडणे त्यावरूनच होत.

"म्हणजे तुलाही काही होत नाही, मलाही काही होत नाही," मी म्हणालो. "तिलाच कसं झालं?"

तो म्हणाला, "साहेब, आई घरात एकटी आहे. कुणाला तरी पाठवा. तिला सांगा, शेगडीला हात लावू नको."

बायकोचे प्रेत अजून शवागारात आणि याला स्वयंपाकाची काळजी, असे मी हवालदाराजवळ बोललो. संशयिताचे नाटक ओळखता येते, असा माझा तेव्हा समज होता. मी कुणालाही पाठवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी ठाण्याच्या पायरीवर आली. हातात फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा. मुलाला भात द्यायचा होता. डब्याला हात लावला तर गरम होता. मी विचारले, भात कशावर केला?

"त्याच शेगडयेर. दुसरा काय हा घरात?" ती म्हणाली. "तुमीच सांगितलात ना, वस्तू चांगली हा म्हणून."

हाताला काही झाले नाही का, मी विचारले. तिने सांगितले की गुडघे धरतात म्हणून ती फळीवर बसते. पण तांदूळ वैरताना पाय खाली फरशीला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मग माझ्या पायांकडे बघून ती म्हणाली, "सायबांनू, रांधपाच्या जाग्यार बूट घालून कोण जाता? बूट काढून हात लावा बघू."

हवालदाराने खाली मान घातली. त्याला आदल्या दिवशीच ते खटकले असावे.

ठाण्यापासून चाळ दहा मिनिटांवर. ती दहा मिनिटे मी कशी चाललो ते सांगता येणार नाही. खोलीचे दार उघडे होते. फरशी नुकतीच पुसलेली, मोरीकडून ओल आलेली. बाया असेच ओल्या फरशीवर बसून रांधतात. मी बूट काढले, मोजे काढले, शेगडी चालू केली आणि बोटांची मागची बाजू पत्र्याला टेकवली. हात झटकून मागे आला. खांदा बधिर झाला. मी भिंतीला टेकलो. तळवा लावून धरला असता तर सुटला नसता. तिचा सुटला नव्हता. मला बुटांनी वाचवले होते, नवऱ्याला लाकडी पाटाने.

वीज कंपनीचा माणूस बोलावला. चिनी मातीची खाच तडकलेली, तापलेले वेटोळे खाली पत्र्याला टेकत होते. त्याच संध्याकाळी नवऱ्याला सोडले. पुढे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरसमोर अपघाती मृत्यू असाच निकाल झाला.

मी मात्र पुरवणी पंचनाम्यात एवढेच लिहिले, "पुन्हा तपासणी केली असता दोष आढळला." आधी दोष का आढळला नाही, हे लिहिले नाही. बाईच्या भावाला बोलावून सांगणे माझे काम होते. तेही केले नाही. मोर्चे होते, कामे होती, असे मी स्वतःला सांगत आलो. खरे कारण लाज.

निवृत्तीनंतर जुना हवालदार भेटला. त्याच्याकडून कळले, तो नवरा अजून त्याच चाळीत आहे. सासरच्यांनी त्याला पुन्हा दारात उभे केले नाही. पोलिसांनी शेगडी तपासून चांगली म्हटली होती, एवढेच त्यांच्यापर्यंत पोचले होते. पुराव्याअभावी सुटला, अशी त्याची ओळख झाली. त्याने दुसरे लग्न केले नाही. आई गेली तेव्हा तिकडचे कोणी खांदा द्यायला आले नाही.

मी त्याच्याकडे गेलो. त्याने मला लगेच ओळखले, बसा म्हणाला. मी बोलू लागलो तेव्हा त्याने हात वर करून थांबवले. "मला सांगून काय उपयोग? मी तिथेच होतो. परळला, तिच्या भावाला सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे परळला गेलो. भाऊ आता म्हातारा झाला होता. मेव्हण्याला बघून तो दारातच आडवा उभा राहिला. घरातली माणसे बाहेर आली, शेजारचे दोघेतिघे थांबले. आत बोलावण्याची वाट मी पाहिली नाही.

"तुमच्या बहिणीला तुमच्या भावोजींनी मारलं नाही," मी म्हणालो. "शेगडी बिघडलेली होती. मी पायात बूट ठेवून तपासली, म्हणून मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा तुम्हाला येऊन सांगितलं नाही. तुमच्या घरात इतकी वर्षं जो संशय राहिला तो माझा होता." मग मी नवऱ्याकडे वळलो. अठ्ठावीस तास मी ज्याला अरेतुरे केले होते, त्याच्यापुढे हात जोडले. "तुम्ही खरं बोलत होता. आईकडे माणूस पाठवा म्हणालात, मी पाठवला नाही. मला माफ करा."