म्हशीच्या घमेल्यातली शिराझ

माझ्या सासरी, दिंडोरीकडं, बागेचा पहिला माल आधी देवाला आणि मग व्याह्यांच्या घरी जातो. माझ्या लग्नाच्या वर्षी लावलेल्या शिराझ द्राक्षाच्या वेलींनी यंदा पहिल्यांदा माल धरला, तेव्हा सासरे स्वतः पेटी घेऊन माझ्याबरोबर कोल्हापूरला आले. अंबाबाईपुढं एक घड ठेवून आम्ही मंगळवार पेठेत माझ्या माहेरी मुक्कामाला गेलो. वडिलांचा धारोष्ण दुधाचा धंदा, दारातच दोन म्हशी.

सकाळी सासरे अंघोळ करून बाहेर आले, तर आमची द्राक्षं म्हशीच्या घमेल्यात.

"पावणं, राग मानू नका," वडील गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पर ह्यात नुसत्या बियाच हायत की. साल चामड्यावानी. तुमास्नी कुणीतरी गंडवलंय. म्हशीला घातली, ती आवडीनं खातीया."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"ही खायची नाहीत, पाहुणे. वाइनची आहेत," सासरे हळूच म्हणाले. नाव इराणातल्या शहराचं असलं तरी जात फ्रान्सची, ऱ्होन नदीकाठची. तिकडं तिला सिरा म्हणतात. मणी बारीक, साल जाड, म्हणूनच वाइन काळीभोर उतरते आणि जिभेवर मिरीसारखी लागते. द्राक्षांवर बोलायला लागले की सासरे थांबत नाहीत; त्या दिवशी तेवढ्यावरच थांबले. मग म्हणाले, "पहिला घड सूनबाईनं तोडला. तुमच्यासाठी."

वडिलांचं तोंड एवढंसं झालं. मी त्यांची बाजू घ्यायची, तर सासऱ्यांना म्हणाले, "जाऊ द्या आप्पा, आमच्या घरात कुणाला काही कळत नाही." वडिलांनी ते ऐकलं आणि शेणाची पाटी उचलून ते मागं गेले.

दुपारी तांबड्या रश्श्याशेजारी त्यांच्या ताटात एक वाटी होती. पेटीच्या तळाला राहिलेले घड त्यांनी धुऊन घेतले होते. भाकरीला हात न लावता ते एकेक मणी सालीबियांसकट चावत होते.

"मिरीसारखी लागत्यात की खरंच," ते सासऱ्यांना म्हणाले. "आमच्या पोरीच्या हातची हायत न्हवं."

मिरी वाइनमध्ये उतरते, नुसत्या द्राक्षात ती अशी सहज लागत नाही. सासऱ्यांना ते माहीत होतं. तरी वाटीतला एक मणी उचलून तेही बियांसकट चावू लागले. मी रस्सा आणायच्या निमित्तानं आत गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही.