अडचण कुणाची

सुगंधा सावंत माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, पण तिला अगंतुगंच लागतं. दहिसरच्या चाळीत आम्ही शेजारी. पाळीत तिला स्वयंपाकघर बंद आणि गणपतीला सासूबाईंना मोदक तिच्याच हातचे हवेत, म्हणून लग्नापासून दर वर्षी ती पाळी लांबवायच्या गोळ्या घेत आली.

यंदा सत्तेचाळिशीत तिची पाळी महिनोन्‌महिने चुकायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, या वयात असं होतं. फार रक्त गेलं तर लगेच दाखवा, पण मनाने गोळ्या घेऊ नका. सुगंधाने त्या घेतल्या नाहीत.

चतुर्थीला मी तिच्याकडे नारळ खवत होते. उकड मळताना ती एकदम उठली, मोरीत जाऊन आली, हात धुऊन पुन्हा परातीपाशी बसली.

सासूबाईंनी ओळखलं. "गो सुगंधा, अडचण इली?"

"पाळी आली, आई. अडचण तुमची आहे."

"मगे ऊठ! देवाक काय सांगू?"

"त्याला माहितीय. गोळ्या त्याने कधीच मागितल्या नव्हत्या."

सासूबाई पाय आपटत बाहेर गेल्या. मी खवणीवर आ वासून बसले होते. सुगंधाने पहिली पारी वळून माझ्यापुढे धरली.

"तोंड मीट गं," ती म्हणाली, "सारण भर."