घुबडांचा प्रकल्प आणि आभाराचं पान

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा मला माज होता. थोडा अजूनही आहे, लपवत नाही.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी गव्हाणी घुबडांवर प्रकल्प केला. मुलुंडला आमच्या वस्तीमागच्या बंद गोदामात एक जोडी राहायची. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस यांचा गोळा करून तोंडावाटे टाकतं. दर रविवारी मी ते गोळे वेचून आणायचे, पाण्यात सोडवायचे. दिवाळीपर्यंत त्यांत अख्ख्या कवट्या निघायच्या, दातांसकट. जानेवारीत गोळे लहान झाले. हाडं झिजलेली, कडा विरघळल्यासारख्या. घुबडं आजारी आहेत, असं मी लिहूनही टाकलं.

बाबा पालिकेत उंदीर पकडायच्या कामावर. जेवताना ऐकून हसलेच.

"आजारी खंयची गो? उपाशी आसत ती. त्या गोदामाकडची सगळी बिळां आमीच डिसेंबरात बुजवली ना! पोट भरलेला आसला की माणूस बांगड्याची तकली-शेपटी टाकून देता. माझी आवस, तुझी आजी, उपाशी दिसांनी काटेसुदा चावन खाय."

पुस्तकं उघडली तर तेच. भक्ष्य मुबलक असलं की घुबड पुढच्या घासासाठी गोळा लवकर टाकतं. टंचाईत तो पोटात जास्त वेळ राहतो आणि आम्ल हाडंही खातं. मी निष्कर्ष बदलला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "बिळं बुजवल्याचं कुठून कळलं?"

"मी स्वतः पाहणी केली, मॅडम."

पैकीच्या पैकी गुण. आभाराच्या पानावर सर, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले मामा. बाबा नाहीत. त्यांचं नाव घातलं तर कामही लिहावं लागलं असतं, आणि पार्ल्याच्या कॉलेजात मी 'वडील पालिकेच्या ऑफिसात असतात' असं सांगून ठेवलं होतं.

प्रकल्पाची प्रत घरी आणली तेव्हा बाबांनी ते पान ओळीवरून बोट फिरवत वाचलं. उलटून मागेही पाहिलं.

"मामांचा नाव घातलंस, बरा केलंस." मग म्हणाले, "कामावरच्या चौकीत दाखवूक दोन दिवस दी गो. सगळ्यांका सांगतंय, आमची बिळां पुस्तकात इली."

"कॉलेजात जमा करायचाय," मी म्हटलं.

ती माझी स्वतःची प्रत होती. अजून कपाटात आहे. बाबांनी पुन्हा मागितली नाही, आणि मीही दिलेली नाही. द्यायची तर आधी त्या पानाबद्दल बोलावं लागेल.